मिरची पावडरसाठी गोडाऊन नागपूरजवळच्या वाडीत घेऊ का मुंबईजवळच्या भिवंडीला?

इतवारीचा_मसालेवाला:
राजेहो, आपलं मिरची-हळद पावडरचं काम आहे, आता रायपूर, जबलपूर, हैदराबादच्या पण ऑर्डरी येऊन राहिल्या. मोठे भाऊ म्हणतात भिवंडीला गोडाऊन घे, मोठे लोकं सगळे तिथंच आहेत. झिरो माइलचं, म्हणजे आपलं नागपूर देशाच्या मधोमध असल्याचं, कौतुक लहानपणापासून ऐकतो पण धंद्यात त्याचा खरंच फायदा होते का?

वाडी_ट्रान्सपोर्ट:
भाऊ, तुमचं गिऱ्हाईक कुठं आहे ते आधी पाहा. भिवंडीला माल नेऊन ठेवला तर रायपूरची गाडी परत नागपूरवरूनच जाईन, म्हणजे एकाच पोत्याचं भाडं दोनदा. श्रीनगर-कन्याकुमारी ४४ नंबर अन् सुरत-पारादीप ५३ नंबर, दोन्ही हायवे आपल्याकडंच भेटतात, त्यामुळं चारही दिशेच्या गाड्या इथं रिकाम्या होतात आणि ड्रायव्हरले रिकामं परत जाणं परवडत नाही, म्हणून रिटर्न लोड स्वस्तात भेटते. खरी कमाई तिथं आहे.

हिशोबनीस:
२०१७ च्या आधी सीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यात माल विकल्यावरचा केंद्राचा विक्रीकर, वाचवायला राज्याराज्यात गोडाऊन ठेवावं लागे, जीएसटीनंतर ती गरज संपली. तुमच्या तिन्ही गावांचं एकाच गोडाऊनातून भागते. ई-वे बिल, म्हणजे माल नेतानाचा ऑनलाइन कागद, २०० किमीला एक दिवस चालते, रायपूर-जबलपूर दोन दिवसात बसते.

समुद्रापासून_लांब:
एक्स्पोर्ट करायचा असेल तर मात्र विचार करा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किमी, ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा सुरू झाला, मुंबई जवळ आली हे खरं, पण टोल आणि डिझेल तर लागतेच. भरलेला कंटेनर असेल तर इथंच कस्टम करून रेल्वेनं न्हावाशेवा बंदरात पाठवा.

आणि गोडाऊन पाहाल तर पावसात पाहा. मी उन्हाळ्यात पाहून घेतलं, मालक म्हणे पत्रे नवे आहेत, जुलैत चाळीस पोती मिरची ओली होऊन गोळा झाली, हात घातला तर आतून गरम लागत होती. ओटा ट्रकच्या फाळक्याइतका उंच पाहिजे, नाहीतर हमाली वाढते.

इतवारीचा_मसालेवाला:
एक्स्पोर्ट नाही भाऊ, सध्या हीच तीन गावं. मग वाडीच. दोन गोडाऊन पाहून ठेवले आहेत, आता चांगला पाऊस पडला की मोठ्या भावाले सोबत घेऊनच जातो.