'बद्द' वाजणारा तीस हजारांचा हेडफोन : आवाजाची प्रत सांगणारे शब्द

मूळ प्रश्न

गेल्या रविवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत हेडफोन घ्यायला गेले होते. बाहेरचा गोंगाट मारणारा, तीस हजारांच्या घरातला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा आवाज एकदम बंद करतो." मी विचारलं, "आणि आवाज कसा आहे?" "आवाज एक नंबर!" "मोठ्या आवाजात फाटत नाही ना?" "आवाजच नाही मॅडम!" यातला कुठला आवाज चांगला, कुठला वाईट, हे त्याला नि मला दोघांनाही कळत होतं, याचं नंतर नवल वाटलं. फारसीतून आलेला हा एकच शब्द आपण गळ्याला, गोंगाटाला, व्हॉल्यूमला आणि फटाक्याला, सगळ्याला वापरतो.

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. आमचं घर कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. हेडफोन चढवला तर पंख्याची घरघर गायब, फ्रिज गायब, हातोड्यांची टणटण मात्र शाबूत. उलट जास्तच उठून दिसायला लागली. गाणं लावलं, तर काहीतरी कमी वाटत होतं. काय कमी, ते सांगता येईना. नवरा म्हणाला, "तुझे कान." इंग्रजी परीक्षणं वाचली, तिथे आवाज 'वॉर्म' असतो, 'ब्राइट' असतो, 'मडी' असतो. असेलही, पण उबदार आवाज म्हटलं की मला गोधडी आठवते.

तर प्रश्न दोन. आवाजाची प्रत सांगायला मराठीत नेमके शब्द कोणते? आणि या 'नॉइज कॅन्सलिंग'ला काय म्हणावं? गोंगाटरोधक चालेल?

प्रतिसाद

ताई, शब्द भरपूर आहेत, फक्त ते दुकानात कोणी नेत नाही. मी तबला शिकवतो, त्यामुळे माझे शब्द तिथलेच.

डग्ग्याला, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याला, घुमारा असतो. घुमारा म्हणजे नुसता जाड आवाज नव्हे. थाप पडल्यावर तो गोल होऊन उमलला पाहिजे. नुसता जाड असेल तर आम्ही 'ढब्ब वाजतोय' म्हणतो. लोक ज्याला 'बेस भारी आहे' म्हणतात, ते बहुतेक वेळा ढब्बच असतं. इथे काहीजण 'खर्ज' शब्द सुचवतील, म्हणून आधीच सांगतो : खर्ज ही स्वराची जागा आहे, षड्जाचंच (म्हणजे 'सा'चं) ते रूप, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातलं. खर्ज आहे की नाही हा एक प्रश्न, त्याला घुमारा आहे की नाही हा दुसरा. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर छाती हलवतो तो तिसराच प्रकार, त्याला दणका म्हणावं.

दुसरा शब्द आस. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या पुडीच्या कडेवर, 'ना' वाजवला की बोल संपल्यावरही नाद काही काळ रेंगाळतो, ती आस. ज्या हेडफोनवर बोल ऐकू येतो पण मागची आस येत नाही, तो कितीही महाग असो, मी घेणार नाही.

आणि सगळ्यात कडक कसोटी म्हणजे तानपुऱ्याची जवारी. तार घोडीवरून (तारा टेकतात त्या पट्टीवरून) जाते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. तो बरोबर जागी बसला की तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत कंप पावते आणि एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर फुलतात. हे फुलणं म्हणजे जवारी. ती खुली असते किंवा बंद, म्हणजे दबलेली. तुमच्या हेडफोनवर नुसता तानपुरा लावा, गाणं नको. दहा मिनिटं ऐका आणि खुली की बंद ते सांगा.

प्रतिसाद

'बद्द' राहिला की! आजी कुंभारवाड्यात माठ घ्यायला जायची, तेव्हा बोटाच्या पेराने टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे. 'वाजवून घेणे' तिथूनच आलं असणार, नाहीतर रुपयावरून. खोटा रुपयाही बद्दच वाजतो. हल्ली खोक्याचं सील फोडलं की वस्तू आपली, त्यामुळे वाजवून घेण्याची सोयच राहिली नाही.

प्रतिसाद

'गोंगाटरोधक'ला माझा ठाम विरोध. रोधक म्हणजे अडवणारं. कापसाचे बोळे रोधक, हेडफोनची जाड गादी रोधक. हे तंत्र आवाज अडवत नाही. बाहेरचा माइक गोंगाट टिपतो आणि आतला स्पीकर त्याची नेमकी उलटी लाट सोडतो. चढावर उतार, उतारावर चढ. दोन्ही मिळून सपाट. काट्याने काटा काढायचा प्रकार आहे हा. कल्पनाही जुनी : जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना अमेरिकेत याचं पेटंट 1936 साली मिळालं. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांच्या डोक्यात हेडफोनची कल्पना 1978 मध्ये विमानप्रवासात आली. म्हणून माझा शब्द : 'उतारा'. विषावर उतारा, तसा गोंगाटावर उतारा.

तांबट आळीचं कोडंही यातच सुटतं. 100 हर्ट्झच्या घरघरीची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब, शिवाय एकसारखी. तिची उलटी प्रत जुळवायला सवड मिळते. 5000 हर्ट्झची लाट जेमतेम सात सेंटिमीटर, तिथे जरा चूक झाली की गणित फसतं. त्यात हातोड्याचा ठोका अवचित येतो आणि संपतोही. आपल्या भाषेने ही विभागणी आधीच केली आहे, बघा : घरघर, घुमणे, घोंघावणे हे 'घ'चे आवाज जातात, टणटण, कटकट, किरकिर राहतात.

आणखी एक. उतारा चालू केल्यावर कानावर दाब आल्यासारखं होतं का? त्याला शब्द शोधायची गरजच नाही : कानाला दडा बसणे. घाट चढताना बसतो तोच. इथे हवेचा दाब बदलत नाही, पण मेंदूला तसं वाटतं.

उतारा चालू-बंद करून तुलना करताना मात्र दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा ठेवा. किंचित मोठं वाजणारं माणसाला नेहमी चांगलं वाटतं. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं.

प्रतिसाद

'घ'चा सिद्धांत गोड आहे, पण देवळातली घंटा घणघण वाजते. ती कोणत्या उताऱ्याने जाते?

बाकी पुण्यात 'उतारा' म्हटलं की लोक सातबाराच समजणार. हेडफोनचा उतारा काढायला तलाठ्याकडे जावं लागेल.

प्रतिसाद

घणघण मान्य. सिद्धांत मागे घेतो, उतारा नाही.

मूळ प्रश्नकर्ती

काका, तानपुरा ऐकला. आधी उतारा बंद ठेवून, मग चालू करून, व्हॉल्यूम दोन्ही वेळा जमेल तितका सारखा. बंद असताना जवारी खुली वाटली, अगदी मिरजेच्या तानपुऱ्यासारखी. चालू केल्यावर तीच जवारी मिटली, आणि डाव्या कानाला दडा. घुमारा मात्र वाढला. म्हणजे मला जे 'काहीतरी कमी' वाटत होतं ते ही जवारी होती. नवऱ्याला ऐकवलं तर त्यालाही फरक कळला, पण तो म्हणतो, पंखा बंद करून साधा हेडफोन वापर. मे महिन्यात कसब्यात पंखा बंद करायचा सल्ला देणाऱ्याच्या कानांबद्दल मी काही बोलत नाही.

मग दुकानात गेले आणि शांतपणे सांगितलं, "घुमारा आहे, पण जवारी बंद होते." तो क्षणभर बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, घुमारा अ‍ॅपमध्ये कमीजास्त करता येतो." म्हणजे शब्द पोचला! जवारीबद्दल मात्र त्याने मालकाला हाक मारली आणि मालक म्हणाले की खोकं फोडल्यावर परत घेत नाही.

'उतारा' मला पटला, सातबारासकट. आता शेवटची शंका. मी 'तो हेडफोन' म्हणते, मुलगा 'ते हेडफोन' म्हणतो, आणि विचारलं तर सांगतो की कान दोन आहेत म्हणून अनेकवचन. मग चष्म्याचं काय?