आर्चरच्या ओव्हरहॉलमध्ये रोलर टॅपेटसाठी जादा पैसे मोजावेत का?

गल्फकाठ_वैमानिक:
ह्यूस्टनजवळच्या एका लहान विमानतळावर आम्हा तिघांच्या भागीदारीत पायपर आर्चर-२ हे विमान आहे. त्याच्या लायकमिंग ओ-३६०-ए४एम इंजिनाचे ओव्हरहॉलपर्यंतचे (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्यापर्यंतचे) २००० तास भरत आले असून, मागच्या वेळी तेलाचा फिल्टर कापून पाहिला तेव्हा चुंबकाला चिकटणारे बारीक कण सापडले. मेकॅनिकचा संशय कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) आणि टॅपेटवर (त्या उंचवट्यांवर टेकून हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणारे भाग) आहे. एका भागीदाराचे म्हणणे असे की, इंजिन उघडणारच आहोत, तर सपाट टॅपेटऐवजी रोलर टॅपेट घ्यावेत आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हही अधिक महागाचे बसवावेत. हा खर्च सार्थकी लागतो का? ताकद किंवा इंधन यांत काही फरक पडतो का?

हँगर_एएमई:
ताकदीचा विचार मनातून काढून टाका. इंजिन १८० अश्वशक्तीचे आहे आणि रोलर आले तरी तेवढ्याचेच राहील. प्रश्न टिकाऊपणाचा आहे. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर असते, त्यामुळे इंजिन आठवडेच्या आठवडे उभे राहिले की तेल निथळून जाते आणि दमट हवेत कॅमच्या लोबवर (उंचवट्यांवर) व टॅपेटच्या तोंडावर गंज धरतो. पुढे इंजिन सुरू झाले की सपाट टॅपेट त्या खड्ड्यांवरून घासत जातो, कठीण केलेला पृष्ठभाग पापुद्र्यांसारखा सुटतो आणि तेच कण फिल्टरमध्ये दिसतात. रोलर घासत नाही, गडगडतो, म्हणून झीज कमी होते. गंज मात्र त्यालाही चुकत नाही.

महाराष्ट्रातल्या एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत मी काम केले आहे. तिथे ऐन पावसाळ्याच्या हवेतही, रोज उडणाऱ्या विमानांचे सपाट टॅपेट ओव्हरहॉलपर्यंत विनातक्रार चालत. त्यामुळे तुम्ही किती वेळा उडता, हे आधी सांगा.

दुसरी गोष्ट, रोलर टॅपेटला वेगळे क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच) आणि वेगळे कॅमशाफ्ट लागते. तुमच्याच क्रँककेसमध्ये नुसते टॅपेट बदलून भागत नाही. बहुधा कारखान्याकडून बदली इंजिन घ्यावे लागेल. तेव्हा तुलना टॅपेटच्या किमतींची नसून, स्थानिक कार्यशाळेतला ओव्हरहॉल आणि बदली इंजिन या दोन खर्चांची आहे.

रॉकर_आर्म:
व्हॉल्व्हबद्दल थोडे लिहितो. तुमच्या इंजिनाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी मुळातच पोकळ असून, उष्णता वाहून नेण्यासाठी तिच्यात सोडियम भरलेले असते. अडचण येते ती गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत): शिसेयुक्त इंधनाची पुटे आणि जळलेले तेल तिथे साचते, व्हॉल्व्ह अडकू लागतो आणि सकाळी थंड इंजिन सुरू होताना खडबडते. अशा वेळी सिलिंडर उतरवण्याची घाई करू नये. स्पार्क प्लगच्या छिद्रातून नायलॉनची दोरी आत सोडून व्हॉल्व्ह वर धरता येतो, स्प्रिंग काढता येते, मग व्हॉल्व्ह आत ढकलून गाइड जागेवरच साफ करता येते. गाइडची झीज मोजण्यासाठी लायकमिंगचे ३८८-सी हे सर्व्हिस बुलेटिन (देखभालीची लेखी सूचना) आहे. त्याबरोबर बोअरस्कोपने (सिलिंडरच्या आत पाहण्याच्या बारीक दुर्बिणीने) व्हॉल्व्हच्या तोंडावरचा रंगही पाहत जा. एका कडेलाच तापल्याची खूण दिसली, तर गळतीची सुरुवात समजावी.

नवे टॅपेट बसवताना कोरडी क्लिअरन्स (टॅपेटमध्ये तेल नसतानाची फट) मोजून घ्या. ती ०.०२८ ते ०.०८० इंच या मर्यादेत हवी, आणि नसेल तर वेगळ्या लांबीचे पुशरॉड (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हच्या बाजूला नेणाऱ्या सळ्या) लावावे लागतात. घाईत ही पायरी गाळली जाते.

गल्फकाठ_वैमानिक:
दोघांचेही आभार. आम्ही महिन्यातून जेमतेम दोनदा उडतो. विमान छपराखाली असते, पण हवा समुद्राकाठची आहे.

हँगर_एएमई:
मग तुमच्या भागीदाराचे म्हणणे निम्मे पटते. सध्याचे क्रँककेस तपासणीत उत्तीर्ण झाले, तर त्यातच नवे कॅमशाफ्ट आणि मान्यताप्राप्त सपाट टॅपेट घालून उरलेले पैसे उड्डाणावर खर्च करावेत, असे मला वाटते. मात्र तेल पूर्ण तापेल इतके उडावे, जमिनीवरच थोडा वेळ इंजिन चालवून ठेवण्याने आतला ओलावा जात नाही, उलट वाढतो. क्रँककेसला तडे निघाले, तर मात्र रोलरचे बदली इंजिन सरळ घ्या.