ईएफ ३५ आला म्हणून टर्म प्लॅन कायमचा बंद? तुमचं मत सांगा

अशोकचौककर (धागाकर्ता)
मी सोलापुरात विम्याचं काम करतो. परवा पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याची ५० लाखांच्या टर्म प्लॅनची केस कंपनीने डिक्लाइन केली. वय पंचेचाळीसच्या आत. कारण दीड वर्षापूर्वीचा टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), त्यात ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३५ टक्के (निरोगी माणसाचा साधारण ५० च्या वर असतो). नवा एको मागितलाच नाही.

जादा हप्ता लावा, कव्हर कमी द्या, वर्षभर थांबवा, सगळं मान्य. पण एका जुन्या आकड्यावर माणसाला कायमचं बाहेर ठेवणं मला पटत नाही. हार्ट फेल्युअरचे (हृदय कमजोर पडण्याच्या आजाराचे) धोका मोजणारे स्कोअर मुळात उपचारासाठी बनलेत. मॅगिक स्कोअर सुमारे ३९ हजार रुग्णांच्या नोंदींवरून एक आणि तीन वर्षांतल्या मृत्यूचा अंदाज देतो. आपला टर्म प्लॅन वीस वर्षांचा. शिवाय अंदाज असतो गटाचा, आणि नकार मिळतो एकट्या माणसाला.

आकडेमोड
साहेब, माझी सगळी नोकरी अंडररायटिंगमध्ये (जोखीम तपासून पॉलिसी द्यायची की नाही ते ठरवण्यात) झाली, म्हणून उलट बाजू मांडतो. २०१३ च्या त्रिवेंद्रम रजिस्ट्रीत (केरळमधल्या रुग्णांच्या नोंदवहीत) हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेले १,२०५ रुग्ण होते. पाच वर्षांत त्यातले निम्म्याहून जास्त दगावले. एवढी जोखीम दिसत असताना डोळे मिटून पॉलिसी दिली, तर तो पैसा बाकीच्या हप्तेदारांच्या खिशातून जातो. सरकारच्या जीवन ज्योती विमा योजनेत तपासणी नाही, सगळ्यांना सारखा हप्ता. तरी २०२२ मध्ये तो ३३० वरून ४३६ रुपये करावा लागला, कारण क्लेम हप्त्यांना भारी पडत होते. तिथे कव्हर फक्त २ लाख आहे. तुम्ही ५० लाखांचं बोलताय.

विडीघरकुलची_लेक
दादा, जोखीम मोजा, पण कुणाची मोजताय? माझी आई विड्या वळते. लहानपणच्या तापात तिच्या हृदयाची झडप बिघडली, तिशीत धाप लागायला लागली. अमेरिकेतलं २०२३ चं प्रिव्हेंट सूत्र हार्ट फेल्युअरचा धोका सांगतं. ते बीपी, साखर, किडनी, वजन, सिगारेट विचारतं. झडपेचं नाव नाही, दिवसभर तंबाखूच्या सुपाशी बसण्याचं तर नाहीच. आमच्या वस्तीत असं सूत्र लावलं तर आजारी बाई सुरक्षित ठरेल, आणि नुसता बीपी असलेला धडधाकट माणूस जादा हप्ता भरेल.

एकोवाला_डॉक्टर
ताईंचा मुद्दा खरा आहे. ईएफबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी ऐका. हार्ट फेल्युअरच्या चारही गटांची औषधं नीट चालली तर काही महिन्यांत ३५ चा ४५-५० झालेला आम्ही पाहतो. म्हणून दीड वर्ष जुन्या एकोवर निर्णय घेणं वैद्यकीय दृष्ट्या चूकच. पण आकडा सुधारला म्हणजे आजार गेला असंही नाही. ट्रेड-एचएफ चाचणीत हृदय सुधारलेल्यांची औषधं बंद केली, तर सहा महिन्यांत सुमारे ४० टक्क्यांचा आजार उलटला. कंपनीने नवा एको, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) आणि औषधं नियमित चालू असल्याचा पुरावा मागावा. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आकडेमोड
डॉक्टर, नवा एको मागायलाच हवा होता, एवढं मान्य. पण औषधं पुढची वीस वर्षं चालू राहतील याची हमी कोण देणार? मंदी आली, माग बंद पडले, की कामगार आधी गोळ्या बंद करतो. तुम्हीच रोज बघता. म्हणून माझ्या मते अशा केसला नकारच योग्य. फार तर छोटं कव्हर.

अशोकचौककर
मग तो धोका हप्त्यात धरा ना! दार बंद केलं की लोक काय करतात ते मी जवळून पाहतो. पुढच्या फॉर्मवर आजार लपवतात. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांच्या आत कंपनी लपवाछपवीवरून पॉलिसी रद्द करू शकते, आणि विधवा बाई क्लेमसाठी खेटे घालत बसते. खरं सांगणाऱ्याला महाग का होईना पण पॉलिसी मिळाली, तर लपवायचं कारण उरत नाही, कंपनीलाही खरी माहिती मिळते.

या केसमध्ये नवा एको काढायला सांगितलाय. त्याच्यासह पुन्हा प्रपोजल टाकतो आणि नकार आलाच तर कारण लेखी मागतो. आकडेमोड साहेब, दुप्पट लोडिंग (जोखमीचा जादा हप्ता) आलं तरी भरायची त्याची तयारी आहे, मी विचारलंय.