तेलात बुडवलं तरी "पाणी दिलं" कसं काय?

कणकवलीहून
दोन वर्षं झाली, सुट्टीला मागच्या खोपीत सुऱ्या घडवायचा नाद लागलाय. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा, करवंटीचा कोळसा आणि भात्याच्या जागी बायकोचा जुना हेअर ड्रायर. आता शंका शब्दाची आहे. आमचे लोहारकाका कोयता तापवून बुडवतात त्याला "पाणी देणे" म्हणतात, पण मी तेलात बुडवतो, कारण पाट्याचं स्टील पाण्यात तडकायची भीती असते आणि पहिली सुरी मी पाण्यातच घातली होती, बादलीतून टिक् असा बारीक आवाज आला, काढून बघतो तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी रेघ. मग मी काय म्हणू, "तेल दिलं"? आणि पाणी देणे म्हणजे नक्की हार्डनिंग (लाल तापवून बुडवून कडक करणं) का टेम्परिंग (मग बेताची धग देऊन ठिसूळपणा घालवणं)?

रत्नागिरीहून
तेल सायकलच्या चेनला देतात हो दादा. हत्याराचं पाणी म्हणजे पाणीदार मोती म्हणतो त्यातलं, एखाद्याचं पाणी जोखलं म्हणतो त्यातलं, त्यामुळे बादलीत काय भरलंय याच्याशी त्याचं फार देणंघेणं नाही. संस्कृतात तर शब्दच "पायना" आहे, म्हणजे पाजणं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ८व्या अध्यायात, शस्त्रांची पायना तीन प्रकारची सांगितलीय: क्षार, उदक आणि तैल. हाड कापायचं शस्त्र क्षारात, मांस कापायचं पाण्यात, शीर टोचायचं तेलात. तेव्हा तुम्ही तेलात बुडवून खुशाल पाणी दिलं म्हणा, लोखंड प्यायलं म्हणजे झालं!

गुहागरहून
यावरून आठवलं, आमच्याकडे कोयता दगडावर घासून धार काढणं म्हणजे "पाजवणे", तेही पाजण्यातूनच आलं असणार. दिवा पाजळतात ते वेगळं, ते प्रज्वलनातलं (आणि अक्कल पाजळतात ती कशातली ते विचारू नका). धार पार बसली, लोखंड झिजलं की मात्र पाजवून भागत नाही, भट्टीत घालून ठोकूनच आणावं लागतं, त्याला माझ्या घाटावरच्या सासरी "शेवटणे" म्हणतात.

कणकवलीहून
पायना भारीच! पण हार्डनिंग-टेम्परिंगचं राहिलंच की.

रत्नागिरीहून
काकांच्या हाताकडे नीट बघा, उत्तर तिथेच आहे. धार फक्त बोटभर बुडवतात ना, पाठ लालच ठेवतात? ते झालं हार्डनिंग, या घडीला धार काचेसारखी ठिसूळ असते. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करतात, आणि पाठीतली उरलेली धग धारेकडे सरकायला लागते तसा त्या चमकलेल्या जागेवर रंग धावतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग धारेवर आला की सगळाच कोयता पाण्यात. हे टेम्परिंग. म्हणजे एका तापात दोन्ही कामं, म्हणून शब्दही एकच. आपण हौशी लोक ते फोडून करतो, लोहचुंबक चिकटायचं थांबलं (साधारण ७७० डिग्रीला) की अजून थोडं तापवून कोमट तेलात, आणि मग ओव्हनमध्ये २०० डिग्रीला तासतासभर दोनदा, म्हणून आपल्याला दोन शब्द लागतात. दोन्ही मिळून पाणी देणे. नुसत्या हार्डनिंगला मी तरी तो शब्द वापरणार नाही.

ग्राइंडरवर धार निळी पडली तर "पाणी उतरलं" म्हणतात, तेही याच हिशोबाने, टेम्पर हवा त्याच्या पुढे गेला.

कणकवलीहून
काल काकांकडे जाऊन बसलो. तुमचं सगळं सांगितलं, सुश्रुताचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, सांडशीत धरलेला कोयता माझ्या नाकासमोर आणला आणि म्हणाले, "रंग इलो की बुडय." मी जांभळ्यावर बुडवला. त्यांनी कानस फिरवून बघितली, अंगठ्याने धार चाचपली, म्हणाले पाणी कमी झाला, माडावर चढणाऱ्याक नको देव, घरात नारळ सोलूक ठेव. तो आता आमच्या पडवीत आहे, खोबरेल लावून ठेवलाय, खाऱ्या हवेत दोन दिवसांत तांबूस होतो नाहीतर.