पटलं नाही म्हणून पडलं का?

'विरोधकाला पटवता आलं तरच युक्तिवाद खरा' हे मला अर्धंच मान्य आहे. र. धों. कर्व्यांचं बघा. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. विरोधक वळले म्हणावं, तर आधी प्राध्यापकी गेली, मग अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात तर वकील खुद्द डॉ. आंबेडकर होते, तरी निकाल विरुद्धच गेला. आता यात युक्तिवाद लंगडा होता म्हणायचं?

गंमत पुढेच आहे. १९५२ मध्ये सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतलं. पण कशासाठी? लोकसंख्येच्या धास्तीपोटी. बाईचा स्वतःच्या शरीरावर हक्क आहे, कामसुखात पाप नाही, हा कर्व्यांचा खरा मुद्दा बाजूलाच राहिला. म्हणजे निष्कर्ष मान्य, युक्तिवाद नाही! पटण्याला कसोटी मानलं की हा घोळ होतो. माणूस 'हो' म्हणतो, पण नेमकं कशाला, ते कळत नाही.

माझी अपेक्षा कमी आहे. विरोधकाची बाजू मी मांडली, तर त्याने "हो, हेच म्हणतोय मी" म्हणावं. एवढंसुद्धा आपल्यातल्या किती जणांना जमतं?