रोम एका दिवसात, पायी: क्रम कसा लावावा?

नदीकाठ:
सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेआठला आम्ही तेर्मिनी स्टेशनवर उतरतोय. रात्री नऊला तिथूनच फ्लॉरेन्सची गाडी आहे. आम्ही दोघं आणि सासूबाई, वय ६८. सपाटीवर पाच-सहा किलोमीटर आरामात चालतात, पण उतरताना त्यांचा गुडघा दुखतो. सगळे शाकाहारी. कलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, पँथिऑन, त्रेवी कारंजं आणि स्पॅनिश पायऱ्या अशी यादी केली आहे. कुठून सुरुवात करावी आणि काय गाळावं?

घाटवाट:
व्हॅटिकन म्युझियम गाळा. कलोसियम आतून आणि म्युझियम आतून, दोन्ही एकाच दिवशी घेतलं की दिवस रांगांतच जातो. म्युझियम घाईत केलं तरी तीन तास लागतात, आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याऐवजी संध्याकाळी सेंट पीटर्स बॅसिलिका हे व्हॅटिकनचं मोठं चर्च पाहा. तिथे प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त सुरक्षा तपासणीची रांग असते. दुपारी ही रांग चौकात उन्हात लांबते, पाचनंतर बहुतेक वेळा आखडते. मंगळवार आहे हे बरं झालं. बुधवारी सकाळी चौकात पोपची सभा असते आणि बॅसिलिका दुपारपर्यंत बंद राहते. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातून परत पाठवतात. साडी, सलवार-कमीज यांना काहीच अडचण नाही, अडतात ते अर्ध्या चड्डीतले पुरुष.

क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवा. सामान तेर्मिनीच्या लगेज काउंटरवर टाका, कारण मोठ्या बॅगा कलोसियममध्ये घेऊ देत नाहीत. शिवाय रोमच्या गल्ल्यांत सांपिएत्रिनी म्हणजे काळ्या दगडाचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. त्यांच्या फटींत ट्रॉलीची चाकं तुटतात आणि पातळ तळव्याची चप्पल तासाभरात बोचायला लागते. सासूबाईंना जाड, मऊ तळव्याचे बूटच घाला. पाऊस पडला तर हे दगड फार निसरडे होतात.

तेर्मिनी ते कलोसियम अंतर दीड किलोमीटर आहे, पण वाटेत चढउतार आहेत. गुडघा दिवसभर टिकवायचा तर हा टप्पा मेट्रो बी ने करा, दुसरंच स्टेशन. तिकीट दीड युरो. ते १०० मिनिटं चालतं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच मिळतो. बाहेर पडून पुन्हा मेट्रोत शिरलात तर नवीन तिकीट लागतं. बरेच जण इथेच चुकतात.

कलोसियमचं तिकीट अधिकृत साइटवर साधारण ३० दिवस आधी खुलतं. साधं तिकीट १८ युरो, त्यात फोरम म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष आणि पॅलेटाइन टेकडी येते आणि ते २४ तास चालतं. तिकिटावर नाव असतं, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. सकाळी साडेनऊ-दहाची वेळ घ्या. काचेची बाटली नेऊ नका.

कलोसियमनंतर फोरममध्ये जा, पण पॅलेटाइन सोडा. तिथला चढ आणि त्यानंतरचा उतार गुडघ्याला महागात पडेल. फोरममधल्या व्हिया साक्रा या जुन्या रस्त्यावरचे मूळ रोमन दगडही उंचसखल आहेत, म्हणून तिथे सासूबाईंचा हात धरा. सावली जवळजवळ नाही.

तिथून कॅपिटोलिन टेकडी. शेजारीशेजारी दोन जिने आहेत, त्यातला चुकीचा निवडू नका. डावीकडचा आराचेली चर्चचा, १२४ पायऱ्यांचा आणि खडा. उजवीकडचा मायकेलएंजेलोने आखलेला, रुंद आणि उताराच्या रस्त्यासारखा. सासूबाईंसाठी उजवाच. वर चौक ओलांडून पालाझ्झो सेनातोरिओ या महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे गेलात की सगळा फोरम फुकटात पायाखाली दिसतो.

तांबडीमाती:
क्रम योग्य आहे. फक्त माझ्या मते सासूबाईंसोबत असताना कलोसियमही आतून करू नये. आतल्या पायऱ्या उंच आहेत. मेट्रो स्टेशनच्या वर लार्गो गाएताना आग्नेसी नावाची गच्ची आहे, तिथून समोर पूर्ण कलोसियम दिसतं. वाचलेले दोन तास पँथिऑन या जुन्या रोमन मंदिराला आणि आसपासच्या चर्चना द्या. रोमचं खरं वैभव तिथे फुकट टांगलेलं आहे.

सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्यो या चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. कोपऱ्यातल्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, म्हणून सुटी नाणी ठेवा. मात्र दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास हे चर्च बंद असतं, आणि रोममधली बहुतेक लहान चर्च तशीच. पँथिऑन दुपारी बंद होत नाही, म्हणून बारा ते दीड त्यालाच द्या. तिकीट ५ युरो. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३.३ मीटर आहेत, आणि माथ्यावरचं भोक उघडंच आहे. त्यातून आलेला उन्हाचा गोल दुपारी एकच्या सुमारास दरवाजाच्या बाजूला असतो. पाऊसही आत पडतो. मधोमध थोडी उंच असलेली फरशी आणि तिच्यातली छिद्रं पाणी काढून देतात, तीही पाहा.

गूळपोळी:
खाण्याचं सांगते. दुपारी पिझ्झा अल ताल्यो घ्या. मोठ्या परातीतून कापून वजनावर विकतात, किती हवा ते हाताने दाखवायचं. रोस्सा म्हणजे नुसता टोमॅटो, बियांका म्हणजे तेल-मीठ. फसवणारे पदार्थ दोन. भोपळ्याची तळलेली फुलं शाकाहारी दिसतात, पण आत बहुधा अलीचे म्हणजे छोटा मासा असतो. सुप्ली या तळलेल्या भाताच्या गोळ्यात बहुतेक वेळा खिमा असतो. काच्यो ए पेपे या चीज-मिरीच्या पास्त्यात मांस नाही, पण त्यातलं पेकोरिनो चीज प्राण्याच्या रेनेटने म्हणजे जठरातल्या विरजणाने विरजलेलं असतं. हे चालत नसेल तर पास्ता अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोचा पास्ता मागा आणि वर चीज नको म्हणून सांगा.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती नासोने नावाचे लोखंडी नळ सतत वाहत असतात, पाणी पिण्याचंच आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, ती थेट तोंडात घेता येते.

स्वच्छतागृहं कमी आहेत. कलोसियममध्ये आणि सेंट पीटर्सच्या चौकालगत आहेत, मधल्या टप्प्यात कॉफी बारच. कॉफी उभ्याने घ्या, टेबलावर बसलं की दर वाढतो. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवावी लागते.

घाटवाट:
@तांबडीमाती, गच्चीची सूचना मान्य. दोघांनी आत जावं आणि सासूबाईंनी बाहेर थांबावं असं करू नका, तिथे सावलीत बसायला फारशी जागा नाही. आत जायचं तर तिघांनी. लिफ्ट आहे, प्रवेशाशी विचारा.

उरलेला दिवस असा: पँथिऑन, जेवण, अडीचनंतर सान लुईजी, पियात्सा नावोना हा चौक, पोंते सांत आंजेलो पूल, आणि पाचपर्यंत सेंट पीटर्स. पँथिऑनपासून हे जेमतेम दोन किलोमीटर आणि जवळपास सपाट आहे. सेंट पीटर्सच्या घुमटावर चढू नका, ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी वरच्या ३२० उरतात.

साडेसहाला ओत्ताव्हियानो स्टेशनवरून मेट्रो ए ने स्पान्या स्टेशन. बाहेर पडलं की स्पॅनिश पायऱ्यांच्या तळाशीच निघता. १३५ पायऱ्या आहेत, खालून पाहा. त्यावर बसू नका, २०१९ पासून दंड करतात. तिथून त्रेवी सातशे मीटर. कडेला गर्दी असली तरी समोरच्या पायऱ्यांवरून पूर्ण कारंजं दिसतं. मग बार्बेरिनीहून मेट्रो, दोन स्टेशनांवर तेर्मिनी. सामान घेण्यासाठी सव्वाआठला तिथे असा.

मेट्रो ए आणि ६४ नंबरची बस ही खिसेकापूंची आवडती ठिकाणं. दार बंद होताना कोणी अंगावर रेललं तर आधी पाकिटावर हात ठेवा. पासपोर्ट आतल्या खिशात.