मदत हवी आहे: धान्य कमी करायचं, पण डाळ-दुधाचा खर्च कसा बसवायचा?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात (म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या सुचवलेल्या आहारात) २००० कॅलरींसाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि दूध ३०० मिली आहे. धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा नको म्हणतात. पटतं. पण रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो मिळतं ते धान्यच, म्हणजे रोजचे साधारण १६५ ग्रॅम. बाकीचं ताट रोखीने भरायचं! चार जणांना महिन्याला डाळ १० किलोच्या वर, रोज जवळपास सव्वा लिटर दूध, दीड किलोहून जास्त भाजी.

(२५० ग्रॅम हे कच्चं वजन. शंभर ग्रॅम तांदळाचा भात अडीचशेच्या पुढे भरतो. शिजलेलं मोजलं की सगळा हिशेब गंडतो.)

बदामाऐवजी शेंगदाणे-तीळ, तूरडाळीऐवजी निम्मी मटकी-चवळी-हरभरा, आठवड्यातून दोनदा सोयाबीन वड्या, एवढं सुचतं. वड्यांत शंभराला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्या भिजवून दोनदा पिळल्या नाहीत तर उग्र वास राहतो आणि मुलं ताटात ठेवतात.

खरी अडचण दूध आणि फळांची. त्यांना स्वस्त पर्याय काय? आणि कडधान्यं वाढवल्यावर पोट फुगतं, तर भिजवण्याचं पाणी टाकण्यापलीकडे काय करता? कृपया वजनासकट सांगा.